मद्य, यकृत आणि परतीची वाट



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. स्मृतिव्याख्यान म्हटले की वक्त्याने साहित्य, संतवाङ्मय किंवा शिक्षण यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी आपली साधारण अपेक्षा असते. मी वैद्यक व्यवसायातला माणूस. मद्याने यकृतावर काय परिणाम होतो, हा विषय मी निवडला तेव्हा काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु ज्यांनी गुरुजींना जवळून पाहिले, त्यांना तो अप्रस्तुत वाटणार नाही. चार दिवस शाळेत न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन विचारपूस करण्याची त्यांची रीत होती. आणि त्या गैरहजेरीच्या मुळाशी पुष्कळदा वडिलांचे मद्यपान निघे, हे त्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकले आहे. त्यांनी जे घराच्या उंबऱ्यावर पाहिले, ते मी तपासणीच्या टेबलावर पाहतो. एवढाच काय तो फरक.

डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली आपली हजारो कुटुंबे राहतात. उधना-जळगाव लोहमार्गाने माणसे आली आणि लूमवर, रंगाईत, छपाईत, कापडबाजारात कामाला लागली. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, रात्रपाळीची मोडलेली झोप आणि पगाराचा दिवस. अशा जीवनात मद्य कोठून शिरते हे समजण्यासाठी फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. म्हणून आज मी मद्यपी माणसाची निंदा करणार नाही. त्याच्या शरीरात काय घडते, त्यातले किती परत फिरवता येते, आणि ती परत फिरण्याची वेळ आपण का गमावतो, एवढ्या तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या भाषेत काळीज हा शब्द आपण मनाच्या, हृदयाच्या अर्थाने वापरतो. काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात. परंतु खाटकाच्या दुकानात जाऊन काळीज मागितले, तर तो यकृतच तोलून देतो. जुन्या माणसांनी जिव्हाळ्याचे ठिकाण म्हणून हाच अवयव निवडला, यात काही चूक झाली असे मला वाटत नाही. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला, प्रौढ माणसात सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव शरीराचे कोठार आहे, कारखाना आहे आणि जकातनाकाही आहे. आतड्यात शोषला गेलेला अन्नरस एका मोठ्या शिरेने प्रथम यकृताकडे येतो आणि तेथे तपासला गेल्यावरच उर्वरित शरीरात जातो. साखर साठवणे व लागेल तशी सोडणे, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक बनवणे, पित्त स्रवणे आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणे ही सारी कामे यकृताच्या पेशी रात्रंदिवस करीत असतात.

या अवयवाचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो तक्रार करीत नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. त्याच्या वरच्या आवरणाला ताण पडला, तरच उजव्या कुशीत जडपणा जाणवतो. निम्म्याहून अधिक काम बिघडेपर्यंत माणूस चालतो, बोलतो, पाळी करतो. "मला काही त्रास नाही" हे मद्यपी माणसाचे वाक्य म्हणूनच बहुधा खोटे नसते. त्याला खरोखरच त्रास नसतो. परंतु त्रास नसणे म्हणजे हानी नसणे, असे मात्र समजू नये.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. बाजारात मिळणाऱ्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असे छापलेले असते. एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर द्रव असतो. गुणाकार केला आणि मद्यार्काचे वजन पाण्यापेक्षा कमी असते हे लक्षात घेतले, तर एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क निघतो. मध्यम बांध्याच्या माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावू शकते. म्हणजे रात्री दहाला रिकामी केलेली क्वार्टर यकृताला पहाटे चार, पाच, कधी सहापर्यंत पुरते. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, काळा चहा यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. माणूस झोपलेला असतो. यकृताची रात्रपाळी चालू असते.

ही रात्रपाळी कशी चालते? यकृताच्या पेशीत एक विकर असते. ते मद्यार्कातील हायड्रोजन काढून घेते आणि त्याचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइड या द्रव्यात करते. दुसरे विकर त्या द्रव्याचे निरुपद्रवी अशा ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. ऐकायला काम सोपे आहे. परंतु त्यात दोन संकटे दडलेली आहेत.

पहिले संकट हायड्रोजनचे. पेशीत हायड्रोजन वाहून नेणारे एक द्रव्य असते, आणि चरबी जाळण्याच्या कामाला ते मोकळे असावे लागते. मद्यार्क आला की ते त्याच्याच कामात गुंतून पडते. आपल्या लूमच्या खात्यात एकाच व्यापाऱ्याचा तातडीचा माल चढवला की बाकीच्यांचे काम पडून राहते, तसाच हा प्रकार होय. जाळायची चरबी जळत नाही, उलट नवी तयार होते आणि पेशीत थेंबाथेंबाने साठत जाते. यालाच डॉक्टर फॅटी लिव्हर म्हणतात. दररोज ६० ग्रॅमच्या वर मद्यार्क घेणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या यकृतात अशी चरबी सापडते.

दुसरे संकट ॲसिटाल्डिहाइडचे. हे द्रव्य मद्यापेक्षाही विषारी आहे. ते पेशीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटते. चिकटलेली प्रथिने आपले काम विसरतात, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना परकी समजून त्यांच्यावर तुटून पडते. त्यातच रोजच्या पिणाऱ्याच्या यकृतात मद्यार्क जाळणारी आणखी एक यंत्रणा जोर धरते. "मला आता चढत नाही" असे सांगणारा माणूस ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतो, तिच्यामागे काही अंशी ही यंत्रणा असते. परंतु तिच्या कामातून पेशीला जाळणारे तीव्र ऑक्सिजनकण बाहेर पडतात, आणि त्यांना आवर घालणारे ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे संरक्षक द्रव्य संपत जाते. अंगदुखीसाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या अशा यकृताला घातक ठरू शकतात, त्याचे कारणही हेच. लूमवर उभे राहून पाठ धरली म्हणून रोज गोळ्या घेणाऱ्या आणि रोज पिणाऱ्या माणसाने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

यापुढचा टप्पा आतड्यात सुरू होतो. मद्याने आतड्याचे अस्तर सैल पडते. तेथील जंतूंचे विषारी अंश रक्तात शिरून यकृताकडे येतात. यकृतात पहारा करणाऱ्या कुप्फर पेशी असतात; त्या खवळून उठतात, दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. या लढाईत यकृताच्या आपल्याच पेशी मरू लागतात. हा मद्यजन्य यकृतदाह होय. ताप, कावीळ, पोट फुगणे ही त्याची लक्षणे. त्याच्या तीव्र स्वरूपात चार-पाच रुग्णांमागे एक जण महिनाभरात दगावतो.

शेवटचा टप्पा व्रणाचा. यकृतात तारकापेशी नावाच्या शांत पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून बसलेल्या असतात. वारंवार दाह झाला की त्या आपले मूळ काम सोडून कोलॅजेनचे धागे विणू लागतात. सुरुवातीला हे धागे विरळ असतात. पुढे त्यांचे जाळे होते. जाळ्यात अडकलेल्या पेशींच्या गाठी बनतात आणि मऊ यकृत कठीण, खडबडीत होते. हाच सिरॉसिस, म्हणजे यकृत्काठिण्य. रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही. ते आडवाटेने जाऊ पाहते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठते. निचरा न झालेली विषे मेंदूपर्यंत पोचून माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. काहींना पुढे यकृताचा कर्करोगही होतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण शेकडा १० ते २० जण या टोकाला पोचतात. कोण पोचणार हे आधी सांगता येत नाही. स्त्रियांना, स्थूल माणसांना आणि हेपॅटायटिस बी किंवा सी यांचा संसर्ग असलेल्यांना कमी मद्यानेही हा धोका संभवतो.

येथे एका समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. "नुसती प्याल तर मराल, वर मटण, अंडी, तूप खाल तर काही होणार नाही" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मद्यप्यांचे यकृत केवळ कुपोषणाने बिघडते, असे एकेकाळी डॉक्टरही मानीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स लीबर यांनी बबून जातीच्या माकडांना सकस आहार देऊन सोबत मद्यार्क दिला. आहार सकस असूनही काहींना सिरॉसिस झाला. तेव्हापासून या समजुतीला शास्त्राचा आधार उरलेला नाही. चांगले खाणे आवश्यक आहे. परंतु ते मद्याचा उतारा नव्हे.

आता या विषयाची उजळ बाजू. यकृताइतकी स्वतःला सावरण्याची शक्ती शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला नाही. १९३१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढून टाकला. थोड्याच दिवसांत उरलेला भाग वाढून यकृत जवळजवळ पूर्वीच्या वजनाला आले. आज आई मुलासाठी, भाऊ भावासाठी आपल्या यकृताचा मोठा भाग देतो आणि काही महिन्यांत त्याचे यकृत पुन्हा भरून येते, ते याच शक्तीच्या बळावर.

मद्याने बिघडलेल्या यकृताचेही असेच आहे. मात्र टप्प्याप्रमाणे उत्तर बदलते. नुसती चरबी साठलेली असेल आणि मद्य पूर्ण थांबवले, तर दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांची चरबी निघून जाते. दाह असेल, तर मद्य सोडल्यावर तो महिन्यांच्या हिशोबाने ओसरतो. विरळ धाग्यांची जाळीसुद्धा काही प्रमाणात विरघळते. कारण तारकापेशी शांत झाल्या की कोलॅजेन खाऊन टाकणारी विकरे आपले काम करू लागतात. सिरॉसिस झाल्यावर यकृताची मूळ घडण पूर्णपणे परत येत नाही, हे खरे. परंतु तेव्हाही सोडण्याला अर्थ असतो. सिरॉसिसच्या रुग्णांचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत १९६८ मध्ये प्रकाशित झाला. मद्य सोडलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. पीत राहिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. पोटातले पाणी कमी झालेले, पुन्हा कामावर रुजू झालेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. "आता सोडून काय उपयोग?" या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, श्वास चालू आहे तोवर उपयोग आहे, मात्र जितके लवकर सोडाल तितका तो अधिक.

मग औषध कोणते, असे आपण विचाराल. मद्यजन्य यकृतविकाराचे मुख्य औषध मद्य थांबवणे हेच आहे, आणि त्याची जागा घेणारे दुसरे औषध अजून निघालेले नाही. दुकानात यकृताची टॉनिके मिळतात. त्यांची बाटली संध्याकाळी घेऊन रात्री दुसरी बाटली उघडणारे लोकही मी पाहिले आहेत. पीत राहणाऱ्याचे यकृत वाचवील असे टॉनिक नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन हातावर चुना चोळून घेतल्याने पाणी पिवळे दिसते. रक्तातला पिवळेपणा तेवढाच राहतो आणि आठवडे मात्र वाया जातात. अनोळखी जडीबुटीच्या पुड्या आजारी यकृतावर आणखी भार टाकू शकतात. नवऱ्याला न सांगता जेवणात घालायच्या पावडरींच्या जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. त्यांत काय असते ते कोणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखे औषध माणसाच्या नकळत दिले आणि तो प्यायला, तर जीवावर बेतू शकते. माताभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे की, या मार्गाला जाऊ नये.

सोडण्याचीही एक रीत आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकट्याने सोडणे धोक्याचे असते. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांत हातपाय कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊ शकतो. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि अंगारा लावतात, किंवा "एक पेग दे, बरे वाटेल" म्हणून पुन्हा पाजतात. हे उपचाराचे दिवस असतात आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावे लागतात. थायामिन म्हणजे जीवनसत्त्व ब१ याची इंजेक्शने द्यावी लागतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचे भय असते. मद्याची ओढ कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. यकृताची अवस्था पाहून त्यांतले कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

आहाराविषयी थोडे सांगतो. यकृत बिघडले की डाळ, दूध, अंडी बंद करण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. तो बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीचा आहे. अशा रुग्णाचे स्नायू झिजत असतात. त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसाला ती ६० ते ७५ ग्रॅम होतात. वरण, उसळ, दही, भाकरी, झेपेल त्याने अंडे असा आपला साधा आहार थोडा थोडा, चार-पाच वेळा घ्यावा आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, कारण रात्रीच्या उपवासात आजारी यकृताचा साठा लवकर संपतो. पोटात पाणी असेल तर मात्र मीठ कमी करावे. पापड, लोणचे, फरसाण दूर ठेवावे. यकृतरोपणाचा मार्ग भारतात १९९८ पासून यशस्वी झाला आहे, परंतु त्याचा खर्च आणि अवयवांची टंचाई पाहता कष्टकऱ्याने त्यावर भरवसा ठेवून चालणार नाही.

मंडळी, इतके सगळे परत फिरवता येते, तर मग माणसे पोट फुगल्यावर आणि डोळे पिवळे झाल्यावरच आमच्याकडे का येतात? आजच्या व्याख्यानात मला खरे सांगायचे आहे ते येथे आहे. ती येत नाहीत, कारण ती लपवतात.

आपण गुजरातेत राहतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी राज्य वेगळे झाल्यावर येथे चालू राहिला आणि मूळ स्वरूपात बदल होत आजही आहे. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याचे हे व्यासपीठ नव्हे. त्याने अनेक घरांत मद्य शिरू दिले नसेल, हेही मी मानतो. परंतु जेथे पिणे हा गुन्हा आहे, तेथे पिणारा दुहेरी लपवतो : समाजाची लाज म्हणून आणि पोलिसांची भीती म्हणून. तपासताना मी विचारतो, "घेता का?" उत्तर येते, "सणावाराला." दाराशी उभी असलेली पत्नी जमिनीकडे पाहते. रक्ताचा अहवाल मात्र वेगळेच सांगत असतो. या लपवाछपवीत नेमका तो काळ निघून जातो, ज्या काळात सहा आठवड्यांत यकृत बरे झाले असते.

आपल्या वाटेवरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. त्याच फलाटावर चार पावले इकडे-तिकडे झाली की कायदा बदलतो. यकृतात अशी रेषा आखता येत नाही. गावी लग्नाला गेल्यावर घेतलेली उघड आणि येथे घेतलेली चोरून, दोन्ही त्याच वाटेने त्याच पेशींत जातात.

लपवण्याचा आणखी एक परिणाम आपण जाणतो. २००९ मध्ये अहमदाबादेत लठ्ठ्याने शंभराहून अधिक माणसे गेली. २०१६ मध्ये आपल्या सुरत जिल्ह्यातल्या वरेलीत तसेच मृत्यू झाले. २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक. जेथे दारूबंदी नाही तेथेही हे घडले आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर बळी गेले. या घटनांत विष होते मिथेनॉल. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. दिसेनासे झालेल्या माणसाला त्याच तासात रुग्णालयात नेऊन काय प्यायला ते स्पष्ट सांगितले, तर त्याचा जीव वाचू शकतो. कारण त्यावर उपचार आहेत. तेथेही लपवणेच मारते. मात्र लठ्ठ्याच्या भीतीने आपली एक चुकीची समजूत होऊन बसली आहे की, सीलबंद बाटली म्हणजे सुरक्षित. मिथेनॉल दोन दिवसांत मारते म्हणून वर्तमानपत्रात येते. शुद्ध मद्य पंधरा वर्षे घेते, म्हणून ते येत नाही.

या प्रदेशाने उघडपणे मद्य सोडल्याचाही इतिहास आहे, हे सांगताना मला समाधान वाटते. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ बागलाण, खानदेश, डांग अशी पसरत सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत आली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा. हजारो माणसांनी मांडवाखाली बसून, सर्वांच्या देखत मद्य सोडले. पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात असाच मद्यत्यागाचा उपदेश केला. या लोकांनी यकृताचे शास्त्र वाचलेले नव्हते. परंतु सोडणे ही एकट्याने अंधारात करायची गोष्ट नसून चारचौघांत, एकमेकांच्या आधाराने करायची गोष्ट आहे, हे त्यांना उमगले होते. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणच्या कामाचाही हाच पाया आहे : माणूस उघडपणे बोलतो, घरचे बोलतात, आणि सोडलेले लोक सोडू पाहणाऱ्यांच्या शेजारी बसतात.

'एकच प्याला' लिहिणारे राम गणेश गडकरी यांचा जन्म याच दक्षिण गुजरातेत, नवसारीच्या परिसरातला. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातला सुधाकर बुद्धिमान वकील आहे; तो सोडतो आणि पुन्हा पितो. प्रेक्षक त्याला दुबळ्या मनाचा म्हणून हळहळतात. आजचे वैद्यक म्हणेल की, पुन्हा घसरणे हा त्या आजाराचाच भाग आहे. तिसऱ्यांदा घसरलेला माणूस चौथ्यांदा सोडू शकतो आणि दरम्यानचा प्रत्येक कोरडा महिना यकृताच्या खात्यावर जमा होतो. म्हणून घसरलेल्याला घराबाहेर काढू नका, दवाखान्यात आणा.

माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच आहे. आपणांपैकी कोणी आज खात्याचा मालक आहे, कोणी मास्तर, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. आपल्या हाताखालच्या माणसाचे हात सकाळी कापताना दिसले, तर त्याची चेष्टा न करता त्याला विचारा. वर्षातून एकदा यकृताच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून घेणे अवघड नाही. नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही मोठी रुग्णालये आपल्या शहरातच आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा देशभर चालणारा निःशुल्क दूरध्वनी आहे. आणि डॉक्टरांपुढे खरे बोला. रुग्णाची हकीकत गुप्त ठेवणे हा आमचा धर्म आहे. "रोज एक क्वार्टर, बारा वर्षे" हे चार-पाच शब्द जो रुग्ण पहिल्या भेटीत उच्चारतो, त्याचे अर्धे निदान तेथेच होते.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी हे चालू असते, त्याला ते ठाऊक असते. पण ते बोलण्याची जागा त्याच्याकडे नसते. आपले घर वाईट नाही, आपले वडील आजारी आहेत आणि हा आजार बरा होण्यासारखा आहे, एवढे त्या मुलाला शाळेने सांगितले, तरी त्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल. कदाचित तेच मूल वडिलांचा हात धरून त्यांना दवाखान्यात आणील. गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेतून एवढे घडले, तर या संध्याकाळचे सार्थक झाले असे मी समजेन.